भय ठेवले, अभय गाळले!

मुलांच्या साहसपटात भय किती असावे, हा प्रश्न अमेरिकेला १९८४ साली पडला. निमित्त होते प्रामुख्याने स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’चे. जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटले जाते, खाणीत राबणाऱ्या बालकांवर चाबूक ओढले जातात; आणि चित्रपटाची श्रेणी मात्र पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनीही पाहावा अशी! पालक संतापले आणि त्याच वर्षीच्या जुलैत तेथे ‘पीजी-१३’ ही नवी श्रेणी आली.

हिंसेचा हिशेब झाला. विटंबनेचा झाला नाही. ते हृदय उपटले जाते कालीमातेच्या नावाने. भारतीय राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो. भारत सरकारने चित्रीकरणास अनुमती दिली नाही, तेव्हा निर्मात्यांनी श्रीलंका गाठली.

‘तुमच्या पुराणांत रक्त नाही काय?’ असे आपले बुद्धिवादी विचारतील. आहे. नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतो. पण तो प्रल्हादासाठी प्रकटतो. ऐकणारे मूल भयातून अभयाकडे जाते. मुंडमाळा ल्यालेल्या कालीचाही एक हात अभयमुद्रेत असतो. चित्रपटाने अभय गाळले, भय तेवढे ठेवले.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडेही सात, तेरा व सोळा वर्षांचे टप्पे आले. हे स्वागतार्हच, परंतु श्रेणी वय मोजते, संस्कार करीत नाही. ते दायित्व घराचे. पाल्य असा चित्रपट पाहणारच असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि त्याच रात्री त्याला खऱ्या कालीची कथा सांगा.