आतड्याचं कुंपण आणि एचआयव्ही

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला रक्ततपासणी आठवते. या विषाणूचा पोटाशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच मोठा घाव बसतो तो आतड्यावर.

असं का होतं? आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांतले बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात. न पचलेल्या चोथ्यापासून ते आतड्याच्या पेशींना इंधन पुरवतात. मात्र त्यांनी आतड्यातच राहायला हवं. म्हणून आतड्याच्या अस्तरापाशी रोगप्रतिकारक पेशींचा मोठा पहारा असतो. त्यात सीडी४ पेशी भरपूर असतात आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच गाठतो.

पहारा उठला की कुंपणाला भोकं पडतात. जिवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ साली हे दाखवून दिलं. हे अंश दिसले की शरीर सतत लढाईच्या पवित्र्यात राहतं, जास्त पेशी कामाला लावतं. अशा जागृत सीडी४ पेशींमध्ये विषाणू सहज वाढतो. म्हणजे आगीत तेलच! ही धुमसती दाहावस्था पुढे हृदयालाही त्रासदायक ठरते.

एआरटीच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. आतडं मात्र सावकाश सावरतं, आणि अनेकदा पूर्ण सावरत नाही. म्हणूनच उपचार लवकर सुरू झालेले बरे. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असल्या तरी उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात.

'आता बरं वाटतंय, दही-ताकही रोज घेतो, मग गोळ्या कशाला?' असं काहींना वाटतं. दही, ताक, डाळी, भाज्या जरूर खा. पण दही असो वा बाजारातलं प्रोबायोटिक, ते गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. गोळ्यांनी पोट बिघडलं, जुलाब थांबेनात, तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका.

घरात कुणी एचआयव्हीसह जगत असेल, तर एका ताटात जेवल्याने संसर्ग होत नाही हेही लक्षात ठेवा. शंका असेल तर तपासणी लांबणीवर टाकू नका. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर माहिती मिळते.