विश्लेषण : छावणीतून इंग्रज गेले, ‘मेस’ राहिली! नागरी भाग महापालिकेत जाण्याआधी ही नोंद का हवी?

देशभरातील छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या महापालिका-नगरपालिकांकडे सोपवण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले आहे. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याची सुरुवात झाली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचे काय होणार, याचीही चर्चा तेव्हापासून सुरू आहे. या चर्चेत पाणी, रस्ते, मालमत्ता कर, बांधकाम परवानगी हे विषय येतात. जुने बंगले आणि चर्च यांचाही उल्लेख होतो. पण छावणीने शहराला दिलेली एक गोष्ट रोज सकाळी प्रत्येक घरात दिसते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे खाण्याच्या वेळा, खाण्याचे शब्द आणि चहाबरोबरचा टोस्ट.

छावणीत इंग्रज नेमके कोण होते?

खाम नदीपलीकडची ही छावणी निजामाच्या काळातील. येथे हैदराबाद कंटिन्जंट ही फौज असे. १८५३ च्या करारानंतर तिच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. या फौजेत शिपाई आणि स्वार हिंदुस्थानी होते, वरचे अधिकारी इंग्रज. त्यामुळे जेवणही दोन प्रकारचे होते. शिपायांना तयार जेवण मिळत नसे. ते बाजारातून शिधा घेत आणि आपापल्या जाती-धर्माच्या रिवाजानुसार वेगळ्या चुली मांडत. इंग्रजी पद्धतीचे ताट फक्त अधिकाऱ्यांच्या बंगल्यात आणि त्यांच्या मेसमध्ये. मग ते शहरात पोहोचले कसे? खानसामा, मसालची, पाववाले आणि सदर बाजारातील दुकानदार यांच्यामार्फत.

‘छोटी हाजरी’ म्हणजे काय?

हा शब्द आज जवळपास विसरला गेला आहे. उन्हाळ्यात कवायत सूर्य वर येण्याआधीच उरकावी लागे. त्यासाठी उठल्याबरोबर चहा आणि त्यासोबत टोस्ट, बिस्कीट किंवा एखादे फळ दिले जाई. ती ‘छोटी हाजरी’. पोटभर नाश्ता कवायतीनंतर. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशातही हा शब्द आहे. हाजरी म्हणजेच आपली हजेरी. इंग्लंडमध्ये अशी पद्धत नव्हती. इंग्रजांच्या घड्याळाला इथल्या उन्हाने लावलेले हे वळण होते.

आज मराठवाड्यातील घरांत सकाळी आधी चहा-टोस्ट किंवा चहा-खारी होते आणि पोहे-उपीट नंतर येते. हा क्रम थेट छावणीतून आला असे ठामपणे सांगता येणार नाही. पण दोघांतले साम्य सहज लक्षात येते.

टिफिन इंग्रजी की आपला?

दोन्ही. ‘टिफिंग’ हा इंग्रजी बोलीतला शब्द, अर्थ घोट घेणे, थोडेसे खाणे-पिणे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांनी दुपारच्या हलक्या जेवणाला ‘टिफिन’ म्हणायला सुरुवात केली. मुख्य जेवण रात्रीकडे सरकले होते आणि मधली पोकळी भरायची होती. पुढे जेवणाचे नाव डब्याला चिकटले. आज मुलगा शाळेत टिफिन नेतो आणि कारखान्यातला कामगारही. ब्रिटनमध्ये मात्र टिफिन म्हटले की अनेकांना बिस्किटांचा चुरा आणि चॉकलेट घालून केलेली, न भाजलेली मिठाई आठवते.

सर्वांत टिकाऊ वारसा कोणता?

‘मेस’. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये प्रत्येकाने महिन्याचे बिल भरायचे, ठरलेल्या वेळी यायचे, ठरलेल्या नियमांनी बसायचे. पोर्ट वाइनची बाटली डावीकडेच सरकवायची, असे बारीकसारीक दंडकही होते. वाइन गेली, दंडक गेले. पण महिन्याचे पैसे, ठरलेली वेळ आणि रोज एकाच टेबलावर भेटणारी माणसे हा साचा राहिला. नांदेड, बीड, जालना, परभणीहून शिकायला आलेल्या मुलाला या शहरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘मेस लावली का?’ त्याच्या ताटात पोळी, वरण आणि वांग्याची भाजी असते. तरीही शब्द आणि व्यवस्था लष्करी आहे.

चहा त्यांनी शिकवला, मग आपला वेगळा कसा?

इंग्रजी पद्धतीत चहापत्ती किटलीत उकळत्या पाण्यात मुरवतात आणि दूध कपात घालतात. आधी दूध की आधी चहा, यावर तिकडे आजही वाद होतात. बिहारमधील मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये चहाचे ११ नियम सांगणारा लेखच लिहिला होता. त्याचे मत होते, आधी चहा.

हिंदुस्थानात चहाचा खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये चहावर उपकर लावण्यात आला. त्या पैशातून पुढे रेल्वे स्थानके आणि गिरण्यांमध्ये प्रचार झाला. विक्रेत्यांनी मात्र आपला मार्ग काढला. पत्ती महाग, म्हणून ती कमी. दूध-साखर जास्त. सगळे एकत्र उकळायचे, वर आले-वेलची. प्रचार करणाऱ्यांना ही पद्धत मान्य नव्हती. ग्राहकांना मात्र हीच आवडली.

स्वयंपाक करणाऱ्यांचे नाव कुठे आहे?

खरा प्रश्न हाच. मॅडमसाहेबांची पुस्तके छापली गेली. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे गृहव्यवस्थेवरील पुस्तक १८८८ मध्ये आले आणि गाजले. कर्नल केनी-हर्बर्ट यांनी ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने मद्रासहून १८७८ मध्ये पाककृती प्रसिद्ध केल्या. हिंदुस्थानी चुलीवर पुडिंग जमवणाऱ्या, कटलेटला शिळ्या पावाचा चुरा लावून त्यात हिरवी मिरची घालणाऱ्या खानसाम्यांची नावे फारशी उरली नाहीत. निजामाच्या मुलखात पावाला ‘डबलरोटी’ म्हणत. तीच तळून, साखरेच्या पाकात आणि दुधात भिजवली की ‘डबल का मीठा’. लग्नाच्या दावतीत तो आजही असतो. ब्रेड पुडिंगचा हा दख्खनी भाऊ साहेबांच्या मेजावर नव्हे, आपल्या दस्तरखानावर मोठा झाला.

ज्यांनी फाशी दिली, त्यांचे जेवण का आठवायचे?

हा आक्षेप रास्त आहे. १८५७ मध्ये याच छावणीतील घोडदळाने बंड केले. पकडलेल्यांना ज्या ठिकाणी मृत्युदंड दिला गेला, तो काळा चबुतरा क्रांती चौकात आहे. त्यामुळे ‘ब्रिटिशकालीन चव’ म्हणून गोड आठवणी विकणे चुकीचेच ठरेल.

पण हेच शहर नान खलियाचा अभिमान बाळगते. तो मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हाच्या लष्कराबरोबर आला, असे सांगितले जाते. तुघलकाचा तो निर्णय लोकांसाठी सुखाचा नव्हता. तरीही भट्टीवरच्या नानवर कोणी राग धरला नाही, कारण तो बनवणारे हात इथले होते. हाच न्याय डबलरोटी आणि टोस्टलाही लावावा लागेल. इतिहास साहेबाचा म्हणून सांगायचा नाही. तो बबर्ची आणि पाववाल्याचा म्हणून सांगायचा.

मग करायचे काय?

फार खर्चाचे काम नाही. छावणीतील जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, मेसमध्ये काम केलेल्या आचाऱ्यांच्या आठवणी, गुरुवारच्या आठवडी बाजारात पिढ्यान् पिढ्या बसणारे विक्रेते यांची नोंद करता येईल. विद्यापीठातील इतिहासाचे विद्यार्थी मोबाइलवर मुलाखती घेऊ शकतात. रौझाबागेतील हॉटेल व्यवस्थापन संस्थेने ब्रिटनच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी जोडलेला अभ्यासक्रम चालवलेला आहे. हडर्सफील्ड यॉर्कशायरमध्ये आहे. तिथल्या कष्टकरी घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणण्याची रीत आहे. म्हणजे ‘ब्रिटिश जेवण’ तिकडेही एकसारखे नाही. ते वर्गानुसार बदलते. ही तुलना शिकवायला या शहराइतकी सोयीची जागा दुसरी कोणती?

हद्द बदलली की कागदपत्रे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातील. मालमत्तांची मोजणी होईल. पण म्हाताऱ्या पाववाल्याची आठवण कोणत्याही फायलीत नसते. तो आहे तोवरच त्याला विचारता येईल. छावणी परिषद आणि महापालिका या दोघांनीही हस्तांतराच्या यादीत तेवढी एक ओळ वाढवायला हवी.