खांद्याला खांदा लावून

दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती सोपवल्या जातात तेव्हा घरात समाधान असते. पेढी पुढे चालणार असते आणि वडिलांना विश्रांती मिळणार असते. परंतु चाळीस-पन्नास वर्षे ठरल्या वेळी दुकान उघडणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशीची सकाळ फार लांब वाटते. जेवण, औषध, मान सारे वेळेवर मिळते. सल्ला विचारायला मात्र कोणी येत नाही. एकाकीपणाचे हे रूप भरल्या घरातही आढळते, आणि ते सहसा बोलून दाखवले जात नाही.

या अबोल दुःखावर ऑस्ट्रेलियातील सामान्य लोकांनी एक साधा उपाय शोधला. तेथे अनेक घरांच्या मागे हत्यारे ठेवण्याची आणि डागडुजी करण्याची एक शेड असते. घरचा पुरुष फावल्या वेळी तेथे रमतो. उतारवयात मोठे घर सोडून लहान घरात राहायला गेले की ती शेड जाते. कामावरचे सोबती तर निवृत्तीबरोबरच दुरावलेले असतात. तेव्हा गावातील सर्वांसाठी मिळून एक शेड असावी, हा विचार पुढे आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील गूलवा येथे १९९३ मध्ये ज्येष्ठांसाठी अशी शेड सुरू झाली. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या गावच्या शेडला प्रथमच ‘मेन्स शेड’ हे नाव मिळाले. २००७ मध्ये या शेडची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली अशाच संघटना स्थापन झाल्या.

या शेडमध्ये विशेष असे काही घडत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य होय. कोणी मोडकी खुर्ची सांधतो, कोणी जुनी सायकल दुरुस्त करतो, कोणी मुलांसाठी लाकडी खेळणी घडवतो. सुतारकाम जाणणारा न जाणणाऱ्याला रंधा धरायला शिकवतो. ज्याला काहीच करावयाचे नाही, त्याने चहाचा पेला घेऊन नुसते बसले तरी चालते. आपल्या गतीने, आपल्या सवडीने, परंतु इतरांच्या सोबतीत काम करावे, एवढीच अपेक्षा असते. व्यवस्थाही बहुतांशी सभासदच पाहतात. येथे कोणी रुग्ण नसतो आणि कोणी उपकारकर्ता नसतो.

पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना करतात, असे या चळवळीत मानले जाते. ‘तुम्हाला एकटे वाटते का?’ असे थेट विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘छे, छे’ असेच येईल. पण हात फळी घासण्यात गुंतलेले असताना पत्नीच्या निधनाचा, वाढलेल्या रक्तदाबाचा, झोप न येण्याचा विषय सहज निघतो. शेजारी उभा असलेला माणूस त्याच वाटेने गेलेला असतो. त्याचे ‘मलाही तसेच होत असे’ हे शब्द मोठा धीर देऊन जातात.

अडचणी याही मार्गात आहेत. जागा, यंत्रांची सुरक्षितता आणि खर्च यांची सोय लावावी लागते. मोजक्या कार्यकर्त्यांवर सारा भार पडला तर तेही थकतात. ज्याला सर्वाधिक गरज आहे, तोच पहिल्या दिवशी दारातून आत येण्यास संकोचतो. त्याला घरी जाऊन सोबत आणावे लागते. एकाकीपण केवळ पुरुषांच्याच वाट्याला येते असेही नाही, म्हणून काही ठिकाणी स्त्रियांच्याही शेड उभ्या राहिल्या आहेत.

आपल्याकडे विरंगुळा केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तेथे वर्तमानपत्र, गप्पा, सहली यांची सोय असते आणि ती मोलाची आहे. पण विरंगुळ्याने वेळ जातो. आपण उपयोगी आहोत ही जाणीव कामातूनच येते. व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांजवळ तर कौशल्याचा साठा असतो. मूठभर धान्य तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगणे, कापडाचा पोत बोटांनी ओळखणे, रोजमेळातील चूक एका नजरेत हेरणे, कोणाला किती उधार द्यावे हे माणसाच्या बोलण्यावरून ताडणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. घरातील आजींच्या हातचे पापड, लोणची आणि भरतकाम हेही तसेच आहे.

एखाद्या सभागृहाची खोली आठवड्यातून दोन दिवस मोकळी मिळाली, नवे दुकान टाकणारी चार तरुण मुले तेथे आली आणि त्यांच्यासमोर दोन-चार निवृत्त व्यापारी बसले, तर आरंभास तेवढे पुरे आहे. फार मोठ्या देणगीची त्यास गरज नाही. ज्येष्ठांना बसण्यासाठी बाक देणारे दाते समाजात पुष्कळ आहेत. त्या बाकावर बसलेल्या माणसाजवळ जाऊन ‘काका, हे मला शिकवा’ असे म्हणणारे मात्र अजून थोडे आहेत.