तटस्थ कोण?

वृत्तपत्रव्यवसायाच्या विद्यार्थ्यांकडून एक मंत्र घोटून घेतला जातो: बातमीदारानें तटस्थ असावें. मंत्र चांगला आहे. परंतु त्याच्या आडून असेंही शिकविलें जातें कीं, ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्यानें गप्प बसावें आणि ज्याचा त्याच्याशीं संबंध नाहीं त्यानें त्याची हकीकत सांगावी. हीच तटस्थता असेल, तर नदीची खोली पोहणाऱ्यापेक्षां तटावर उभ्या असलेल्यालाच अधिक कळते असें म्हणावें लागेल!

मराठी पत्रांचा इतिहास उलट साक्ष देतो. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' १८३२ सालीं निघालें. पण शेतकरी व कामकरी यांना आपलें म्हणतां येईल असें पत्र मिळण्यास १८७७ साल उजाडावें लागलें. त्या सालीं कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढलें. पुढें तें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातीं आलें. लोखंड्यांनीं स्वतः गिरणींत नोकरी केलेली. म्हणून कामगाराला आठवड्याची सुट्टी नसणें ही त्यांच्या लेखीं दयेची बाब नव्हती, ती बातमी होती. १८९० सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांना ती सुट्टी मिळाली, ती त्यांच्याच चळवळीच्या बळावर. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' निघालें, तेव्हां मराठींत पत्रांचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो बहिष्कृतांनीं स्वतः बोलावें अशा जागेचा.

यावर आक्षेप ठरलेला आहे: आपल्याच समाजाविषयीं लिहिणारा पक्षपात करील. करील कीं! पण शहरांतला सुशिक्षित बातमीदार करीत नाहीं काय? त्याचा पक्षपात दिसत नाहीं, कारण तो संपादकाचा आणि आम्हां वाचकांचाही असतो. कागदपत्रें तपासणें, दुसरी बाजू विचारणें, चुकल्यास दुरुस्ती छापणें हे पक्षपातावरील उपाय दोघांनाही सारखेच लागू आहेत, आणि ते कोणालाही शिकवितां येतात. उत्तर प्रदेशांतील चित्रकूट येथें २००२ सालीं सुरू झालेल्या 'खबर लहरिया'नें तें सिद्ध केलें आहे. तेथें खेड्यांतल्या स्त्रिया, त्यांतही अनेक दलित स्त्रिया, बातमीदार झाल्या आणि बुंदेलींत लिहूं लागल्या.

मात्र 'समाजाचा आवाज' या शब्दानेंही भुलून जाऊं नये. समाज म्हणजे पुष्कळदां त्यांतील सर्वांत मोठ्यानें बोलणारा पुढारीच असतो. गांवाची मुलाखत म्हणून सरपंचाची मुलाखत छापणें ही जुनीच फसवणूक होय. चावडीवर कोण बोललें यापेक्षां कोण उठून गेलें, हें टिपावयास विद्यार्थ्याला शिकविलें पाहिजे.

म्हणून परीक्षेची एक नवी रीत सुचवावीशी वाटते. विद्यार्थ्यानें लिहिलेली बातमी त्यानें ज्यांच्याविषयीं लिहिली त्यांच्यासमोर वाचून दाखवावी, त्यांचे आक्षेप लिहून घ्यावे, आणि वाजवी आक्षेप बातमीच्या शेजारींच छापावे. ज्याला त्या माणसांच्या डोळ्याला डोळा देऊन आपलें लेखन वाचवणार नाहीं, त्यानें तटस्थतेच्या गोष्टी सांगूं नयेत. तो तटस्थ नव्हे, केवळ दूरस्थ आहे.