बाटलीचा विमा आणि वेलीचा विमा

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरच्या तळघरात साठवलेल्या वाइनचा स्वतंत्र विमा उतरवता येतो. आपल्याकडील बहुतेक वाचकांना ही गोष्ट श्रीमंतांच्या हौशीचा एक नमुना म्हणून केवळ करमणुकीची वाटेल. त्या हौशीची कुचेष्टा करण्याचा किंवा मद्यपानाच्या इष्टानिष्टतेचा वाद उकरण्याचा हेतू येथे नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते त्या विमापत्रातील कलमांकडे. कारण मनात आणले तर विमा व्यवसाय किती सूक्ष्म हिशोब करू शकतो, याचा त्याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

सामान्य गृहविम्यात वाइन ही घरातील इतर चीजवस्तूंसारखीच धरली जाते. आग लागली, चोरी झाली तर काही भरपाई मिळते. पण हातून बाटली निसटली किंवा तळघरातील शीतयंत्र बंद पडून साठा नासला, तर सहसा काही मिळत नाही. म्हणून संग्राहक वेगळे विमापत्र घेतात. साध्या बाटल्यांसाठी एकत्रित रकमेचा विमा असतो आणि मोलाच्या बाटल्यांची एकेक करून यादी केली जाते. यादीतील प्रत्येक बाटलीची किंमत आधीच ठरलेली असते आणि ती नष्ट झाल्यास तेवढी रक्कम द्यावयाची असते. काही विमापत्रांत तर, मधल्या काळात बाजारभाव वाढला असल्यास नोंदलेल्या किमतीच्या दीडपटीपर्यंत भरपाईची तरतूद असते. फुटणे, वाहतुकीत हानी होणे, यंत्र बिघडणे हे तर सारे येतेच. पण पुराच्या पाण्याने नुसते लेबल खराब झाले आणि आतील वाइन शाबूत राहिली, तरी काही कंपन्या भरपाई देतात. या साऱ्याचा हप्ता शंभर डॉलरच्या मालाला वर्षाकाठी साधारण अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतो.

लेबलाला एवढे महत्त्व का, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1945 सालच्या रोमाने-कोंतीची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरला विकली गेली. ही किंमत द्रवाची नव्हे, दुर्मिळतेची आणि नावाची. असली बाटली पिण्यासाठी घेतली जातेच असे नाही. शेअरसारखी ती ठेवण्यासाठीही घेतली जाते, आणि विमा असल्यामुळेच ती निर्धास्तपणे ठेवता येते.

आता आक्षेपाचा विचार करू. विमाशास्त्रज्ञ सांगतील की वस्तुवार भरपाईत लबाडीला वाव असतो, म्हणून गरिबांच्या व शेतीच्या विम्यात सामूहिक मापदंड लावावे लागतात. लबाडीचा धोका खरा आहे. पण वाइनचा व्यापार काय साधुसंतांचा आहे? रूडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातील आपल्या घरी निरनिराळ्या वाइन मिसळून त्यांवर जुनी लेबले चिकटवली आणि भल्याभल्या जाणकारांना कोट्यवधी डॉलरना गंडवले. 2012 साली त्याला अटक झाली आणि 2014 साली दहा वर्षांची शिक्षा. 2005 साली त्याच राज्यात व्हॅलेहो येथील वखारीला आग लागून सुमारे 45 लाख बाटल्या नष्ट झाल्या. ती आग इतरांची वाइन सांभाळण्याचा धंदा करणाऱ्या मार्क अँडरसनने लावली होती, गिऱ्हाइकांच्या बाटल्या परस्पर विकल्याचे उघडकीस येऊ नये म्हणून. एवढे होऊनही, ‘तुमच्या तळघराचे तापमान आम्ही पाहणार नाही, जिल्ह्याच्या ठिकाणच्या तापमापकावर काय दिसते ते पाहून भरपाई ठरवू,’ असे कोणत्याही कंपनीने संग्राहकाला सुनावले नाही. तसे सुनावले असते तर त्याने विमापत्र तोंडावर फेकले असते.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला मात्र नेमके हेच ऐकावे लागते. 2016 पासून पुनर्रचित स्वरूपात चालू असलेल्या हवामानाधारित फळपीक विम्यात बागेतील हानी मोजलीच जात नाही. महसूल मंडळातील हवामान केंद्रावर अवेळी पावसाची किंवा थंडीची ठराविक नोंद झाली तर भरपाई; न झाली तर काही नाही, मग मणी तडकून घड मातीला का मिळेनात! पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे राहते, असे आपले शेतकरी म्हणतात. तेथे कित्येक गावांच्या मंडळाला एक यंत्र. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणण्याची सोय बागायतदाराला नाही. येथे आरसाच प्रमाण आणि कांकण अग्राह्य! गारपिटीत प्रत्यक्ष पाहणी होते हे खरे, पण त्या संरक्षणासाठी निराळा हप्ता भरावा लागतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा 2023 च्या नोव्हेंबरमध्ये निफाडच्या परिसरात गारांनी काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ही निराळी बाब वाटणार नाही.

बाजरीच्या अर्ध्या एकराची वेगळी पाहणी करण्याचा खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद मी समजू शकतो. द्राक्षाला तो लागू नाही. एक एकर बाग उभी करावयास लाखो रुपये लागतात. पाहणीचा खर्च त्या मानाने किरकोळ. माहितीचा अभाव म्हणावा, तर तोही नाही. युरोपला द्राक्षे पाठविण्यासाठी 2006 पासून ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था चालू आहे. तीत प्रत्येक निर्यातक्षम बागेला क्रमांक आहे आणि परदेशच्या दुकानातील पेटीवरून ती कोणत्या बागेतली, हे शोधता येते. परक्या ग्राहकाच्या पोटात औषधाचा अंश जाऊ नये म्हणून जी बाग स्वतंत्रपणे ओळखली जाते, तीच मालकाचे नुकसान मोजण्याच्या वेळी मंडळात विरघळून जाते.

आणि हप्ता कोणाचा? शेतकऱ्याचा वाटा सामान्यतः विमा रकमेच्या 5 टक्के. उरलेला भार मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारे, म्हणजे आपण सारे, उचलतो. वाइनचा संग्राहक आपल्या पैशाने विमा घेतो म्हणून त्याच्या अटी चालतात, असे म्हणावे तर येथे पैसा सार्वजनिक असूनही अटी कंपनीच्या चालतात. चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले, 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विमाही सार्वजनिक क्षेत्रात आला. पण नुसती मालकी बदलून हा प्रश्न सुटत नाही, हेही आपल्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. 2002 साली स्थापन झालेली सरकारी कृषी विमा कंपनीदेखील त्याच यंत्राकडे बोट दाखवीत आली आहे.

विमा कंपन्या निवडण्यासाठी निविदा राज्य सरकार काढते. नोंदणीकृत द्राक्षबागांपुरती तरी बागनिहाय पाहणी बंधनकारक करावी आणि हवामान केंद्राची नोंद केवळ पूरक पुरावा मानावी, अशी अट पुढील निविदेत घालावयास दिल्लीची संमती लागत असेल तर ती मागावी. नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या आमदारांनी या अटीविषयी विधानसभेत सरकारला लेखी उत्तर मागावे.