सुरळीतील अळी

पतंग म्हटला की दिव्यावर झेप घेऊन जळून जाणारा वेडा जीव, एवढेच आपल्या मनावर बिंबलेले असते. दिव्यापाशी येण्यापूर्वी तो कोठे जन्मला, कसा वाढला, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. गतवर्षी श्रावणात विद्यार्थ्यांसमवेत आम्ही गोव्यातील एका भातशेताच्या बांधावर उभे होतो, तेव्हा ही उणीव आम्हासही जाणवली. पाण्यावर हिरव्या पातीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे तरंगत होते. एका विद्यार्थिनीने त्यांतील एक उचलला. आतून इवलेसे डोके बाहेर डोकावले आणि तत्काळ आत गेले.

हीच भातावरील सुरळीतील अळी. हिचा पतंग पंख पसरूनही जेमतेम १५ मिलिमीटर रुंदीचा. रंगाने पांढरा, पंखांवर फिकट तपकिरी ठिपके. रात्री मादी पाण्याला टेकलेल्या पानांच्या खालच्या अंगास अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पातीचे टोक कातरते, आपल्याच रेशमाने त्याची सुरळी करते आणि ते घर अंगावर घेऊन एका चुडाकडून दुसऱ्या चुडाकडे तरंगत जाते. तिच्या दोन्ही कुशींस धाग्यांसारखे कल्ले असतात. पाण्यावाचून तिचा श्वास चालत नाही. पानांचा हिरवा गर खरवडून ती त्यांवर पांढरे पट्टे पाडते. पुढे सुरळी चुडास चिकटवून ती कोषात जाते आणि सुमारे आठवड्याने पतंग होऊन बाहेर पडते.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. ते लहान लेखावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु अळी दिसताच विषाची फवारणी करावी, हे आम्हास मान्य नाही. ते विष त्याच पाण्यात उतरते, जेथे मासे, बेडूक आणि किडींवर जगणारे चतुर वाढतात. त्यापेक्षा पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडाव्यात, शेतातील पाणी दोन-तीन दिवस काढून टाकावे आणि पाणी जाते तेथे जाळी धरून त्या गोळा कराव्यात. लहान वयाचे पीक पुढे नव्या फुटव्यांनी बरेचसे सावरते. जिचा श्वास पाण्यावर चालतो, तिला आवरण्याचा उपायही पाण्यातच आहे. मात्र तिचे चरित्र ठाऊक नसेल तर तो सुचणार कसा?

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यात ओसरीवरील दिव्याखाली असा चिमुकला पांढरा पतंग दिसला, तर केरसुणी उचलण्यापूर्वी क्षणभर वाकून त्याच्याकडे पाहा. तो तुमच्याच शेतातून आलेला असेल.