सोंगाड्याची डिस्क घेताना



दादा कोंडके यांचे चित्रपट घरच्या टीव्हीवर पाहायचे तर कोणती प्रत घ्यावी, असे दोघा-तिघांनी विचारले. विषय किरकोळ वाटेल. पण हातावर पोट असलेल्या माणसाने करमणुकीसाठी काढलेला पैसाही वाया जाऊ नये, म्हणून त्यावर चार शब्द.

डिस्कचा जमाना गेला, आता सगळे मोबाईलवर फुकट मिळते, असे पोरे म्हणतात. त्यात खोटे नाही. पण मोबाईलवर एकट्याने पाहायचे. आजी-आजोबांसह सगळ्यांनी एकत्र बसायचे तर टीव्हीच लागतो. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा आपल्यासारख्यांच्या घरीही चित्रपटांचे छोटे कपाट तयार झाले. पुढे ती कंपनीही बुडाली. २०१८ मध्ये तिचे दिवाळे निघाले. आता मिळतो तो बहुतेक जुना शिल्लक माल, नाही तर कोणी घरात बसून उतरवलेल्या नकला. पारख हवी ती यासाठीच. मोबाईलवरच्या प्रतीही पुष्कळदा अशाच डिस्कवरून चढवलेल्या असतात, तेव्हा खालची तपासणी त्यांनाही लागू पडेल.

आमच्या जुन्या जालन्यात, स्टील कारखान्यात पाळीला जाणाऱ्या एका गृहस्थांनी आईसाठी एकाच डिस्कवर तीन चित्रपट आणले. वरच्या कागदावर दादांचे हसरे चित्र, आत ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’ आणि आणखी एक. अर्ध्या तासातच म्हातारीने विचारले, ‘‘आरं, गाणं कुठं गेलं?’’ गाणे खरोखरच नव्हते. बोलणे संपले की दृश्य उडी मारून पुढे जाई. तीन चित्रपट एका डिस्कवर बसवायचे म्हणून कोणीतरी गाण्यांवर कात्री चालवली होती. आणि दादांच्या चित्रपटातून गाणे काढले, तर राहते काय?

दादा मुळात वाजवणारा-गाणारा माणूस. १९३२ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगाराच्या घरी जन्म. तरुणपणी बँड पथकात वाजवले, सेवा दलाच्या कलापथकात कामे केली, मग वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने नाव झाले. चित्रपटातली पुष्कळ गाणी ते स्वतः लिहीत. पडद्यावर त्यांच्यासाठी महेंद्र कपूर गात, तरी शब्दांची फेक आणि ठेका दादांचाच. ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याबद्दल गिनीज बुकात त्यांची नोंद झाली, ती काही नुसत्या विनोदावर नव्हे.

आपल्या लोकांसाठी याला आणखी एक बाजू आहे. ‘सोंगाड्या’ (१९७१) हा तमाशाचा चित्रपट. गण, गवळण, बतावणी, वग हा साचा पिढ्यान् पिढ्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी पोटाला चिमटा घेऊन जिवंत ठेवला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हाच साचा घेतला आणि त्यात समाजजागृती भरली. दुसरीकडे, बायांना नाचवून मिळवलेला पैसा म्हणून बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारली, ही हकीकतही आपल्याकडे सांगितली जाते. तेव्हा तमाशा म्हटले की आपल्या घरांत अभिमानही असतो आणि खालची मानही असते. माझे मत असे की मुलांनी हा चित्रपट पाहावा, पण पुरा पाहावा. तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याला आई घराबाहेर काढते, आणि त्याला आसरा देते ती तमाशातली कलावती. उषा चव्हाण यांनी तिला जी इज्जत दिली आहे, ती गाणी आणि फड दिसल्याशिवाय कळत नाही. कापलेल्या प्रतीत ती नुसती नाचणारी बाई होऊन बसते.

आता प्रत पुरी आहे की नाही, हे ओळखावे कसे? मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला ताळा जमल्याशिवाय चैन पडत नाही. चित्रपट सुरू होण्याआधी सेन्सॉरचा दाखला दिसतो. तिथे चित्र थांबवा. दाखलाच नसेल, तर प्रत चोरीची किंवा तोडलेली असण्याचा संभव मोठा. दाखल्यावर ‘यू’ की ‘ए’ हे असतेच. मुलांसोबत पाहायचे तर तेवढे आधी वाचावे. शिवाय तिथे रिळांची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. थिएटरमध्ये फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. समजा लांबी ३,८३६ मीटर आहे, २७.४ ने भागा, १४० मिनिटे आली. टीव्हीसाठी उतरवताना सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे धावतात, म्हणून १४० ची १३४-१३५ होतात. एवढी तूट रास्त आहे. पण यंत्रावर ११५ मिनिटे दिसली, तर वीस मिनिटे कोणीतरी खाल्ली, असे खुशाल समजावे. (व्हिडिओसाठी वेगळा दाखला घेतलेला असेल तर लांबी मिनिटांतच असते, भागाकार वाचतो.)

दुसरी खूण त्याहून सोपी. एका व्हीसीडीत ७४, फार तर ८० मिनिटे मावतात. म्हणजे सव्वादोन तासांचा चित्रपट दोन व्हीसीडींचाच असणार. ‘एकाच व्हीसीडीत संपूर्ण चित्रपट’ असे कोणी सांगितले तर हात जोडून पुढे जावे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माल बसतो, म्हणजे चांगल्या दर्जाचा एक चित्रपट. तीन कोंबले की गाणी कापतात, नाही तर चित्र इतके दाबतात की नाच सुरू होताच चौकोनी ठिपके पडतात, पायातले चाळ दिसत नाहीत. तीन-इन-वन स्वस्त पडते हे खरे, पण हिशेबाने महागच.

कोणते चित्रपट घ्यावेत? पहिला ‘सोंगाड्या’, त्यात शंका नाही. तो कृष्णधवल आहे. कोणी रंगीत म्हणून विकू लागला तर सावध राहा. नंतर ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२). याच्यावरून पुढे २००० साली गोविंदाचा हिंदी चित्रपट निघाला. दोन्ही पाहिले की मूळ कुठे भारी आहे ते कळते. मग ‘पांडू हवालदार’ (१९७५), दादांचे पहिले दिग्दर्शन. राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीची सुरुवातही त्याच चित्रपटापासून, आणि अशोक सराफ यांची जोड अशी जमली आहे की हसून पोट दुखते. ऐंशीनंतरच्या चित्रपटांबद्दल मी जास्त लिहीत नाही. नावातच दोन अर्थ असलेले ते चित्रपट आपापल्या जबाबदारीवर पाहावेत. सून आणि सासरे एका खोलीत बसून पाहतील असे ते नाहीत, आणि दादांची खरी ताकद त्यांत निम्मीही दिसत नाही, हे माझे स्पष्ट मत.

टीव्हीचेही थोडे पाहावे लागते. जुन्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी, आजचे टीव्ही लांबट. आपोआप ताणले गेले की दादा आहेत त्याहून जाडे आणि उषाबाई बुटक्या दिसतात. रिमोटवर चित्राचा आकार ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळी पट्टी येईल. ती येऊ द्यावी. पट्टी घालवण्यासाठी चित्र मोठे केले, तर वरून फेटे आणि खालून पाय कापले जातात.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला डिस्क लावायला सांगा, पण सुरुवात नको, शेवटची दहा मिनिटे दाखवायला सांगा. डिस्क आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते, म्हणजे भरगच्च डिस्कवर चित्रपटाचा शेवट कडेला असतो आणि बोटांचे डाग व ओरखडेही कडेलाच जास्त. सुरुवात सगळ्यांचीच छान चालते. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. व्हीसीडी असेल तर दोन्ही डिस्कची शेवटे पाहा, कारण दुसरीत पुष्कळदा भलताच चित्रपट निघतो.